गप्पांच्या खोलीचे ऑपरेटर

आप्पा माझ्या कॅफेत शिरताना चपला बाहेर काढत. मी तशी पाटी लावली नव्हती, तोंडानेही कधी सांगितलं नव्हतं. उलट माझ्या फरशीची अवस्था अशी होती की शहाण्या माणसाने चपला घालूनच आत यावं. पण आप्पांचं म्हणणं, आत माणसं बसलेली असतात, बरं दिसत नाही. आत म्हणजे माझ्या दुकानात नव्हे. दुपारच्या त्या वेळी दुकानात मी आणि पंखा एवढेच असायचो. आत म्हणजे चार नंबरच्या मशीनच्या पडद्यात.

दौंडला बाजारपेठेच्या तोंडाशी माझं सायबर कॅफे होतं. चार मशीन, मध्ये प्लायवूडचे आडोसे आणि गल्ल्यावर मी. लोक यायचे ते निकाल बघायला, नोकरीचे फॉर्म भरायला आणि प्लायवूडच्या आडोशामुळे जे काही बघता येतं ते बघायला. आप्पा यांपैकी कशासाठीच येत नसत. ते गप्पा मारायला येत.

वय पन्नाशीचं. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत ऑपरेटर, तीन शिफ्टमध्ये काम. आठवडाभर दौंडात एका खोलीत राहायचे आणि सुट्टीला गावी. गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावच्या शेजारी. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, वर्षातले आठ महिने रानोमाळ. आप्पांचा जन्मच मुळी वाटेत कुठल्यातरी शेतात झालेला. पुढे धरणाच्या पाण्याने जमीन भिजली, मेंढरं गेली, घर एका जागी बसलं. पण संध्याकाळ झाली की समोर जे असेल ते मोजून बघायची सवय काही गेली नव्हती. माझ्या दुकानातून निघताना ते माझ्या खुर्च्याही मोजत.

ते पहिल्यांदा आले ते मुलीचा बारावीचा निकाल बघायला. निकालाचं पान उघडता उघडत नव्हतं, म्हणून मी त्यांना चार नंबरवर बसवून ठेवलं. आधीच्या गिऱ्हाइकाने तिथे एक खिडकी उघडीच सोडली होती. जगभरातल्या मराठी माणसांची एक वेबसाइट होती, तिच्यावर लेख, पाककृती, भांडणं असं सगळं असायचं आणि शिवाय एक गप्पांची खोली. त्या खोलीत कुणीतरी लिहिलं होतं, 'कुणी आहे का?'

थोड्या वेळाने बघते तर आप्पा एका बोटाने अक्षरं शोधताहेत.

"आप्पा, निकाल लागतोय, थांबा."

"निकाल कुठं पळून जातोय? हितं मानूस दारात उभं ऱ्हाऊन इचारतंय कुनी हाय का, आन् आपण गप बसायचं व्हय?"

'आहे' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला त्यांना पाऊण तास नसेल, पण पाव तास नक्की लागला. तोवर विचारणारा निघून गेला होता. दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं, त्याला आप्पांनी उत्तर दिलं आणि संध्याकाळ झाली. निकाल बघायचा राहिलाच. मुलगी पास झाल्याचं त्यांना दोन दिवसांनी गावाकडून कळलं.

तेव्हापासून आप्पा रोजचे झाले. त्यांनी नाव घेतलं 'मेंढपाळ', पण थोड्याच दिवसांत खोलीतही ते सगळ्यांचे आप्पा झाले. खोलीत अकरा माणसं असली तर ते अकरा जणांना वेगवेगळा राम राम घालत. तो घालून होईपर्यंत तिघे गेलेले असत आणि चौघे नवे आलेले असत, की पुन्हा सुरुवात. मी एकदा सुचवलं, 'सर्वांना राम राम' असं एकदाच लिहा ना. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली.

"लग्नात गेल्यावं मांडवाला राम राम करता का तुमी?"

असा माणूस रोज चार-चार तास बसतो हे वेबसाइट चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं. अमेरिकेतले कुणी हौशी लोक ती चालवत. त्यांनी आप्पांना खोलीवर देखरेख करायचा अधिकार दिला. कुणी वावगं वागलं की त्याच्या नावावर टिचकी मारायची, तो बाहेर. मग चोवीस तास त्याला आत येता यायचं नाही. या अधिकाराला त्यांच्या भाषेत ऑपरेटर म्हणत. आप्पा कंपनीत गेली वीस वर्षं ऑपरेटरच होते. त्यांना यात नवीन काही वाटलं नाही, दुसरा प्लांट मिळाला इतकंच.

दुसऱ्या दिवशी ते लॉगबुक घेऊन आले. कंपनीत शिफ्ट संपताना ऑपरेटर काय काय झालं ते वहीत लिहितो आणि पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, ते वाचून सही करतो. तो येईपर्यंत जागा सोडायची नाही. आप्पांनी गप्पांच्या खोलीचंही तसंच लॉगबुक ठेवलं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कडेचं.

'४.१०. लाजाळू आली. सुनेबद्दल बोलली. ४.४०. लाजाळू बोलत आहे. ५.००. लाजाळू अजून बोलत आहे. ५.२०. अनोळखी इसम आला. अपशब्द वापरले. समज दिली. पुन्हा अपशब्द. बाहेर काढले. ५.२५. लाजाळू बोलत आहे. बाकी नॉर्मल.'

लाजाळू या न्यू जर्सीला मुलाकडे राहणाऱ्या एक आजी होत्या. त्यांना हे नाव कुणी सुचवलं ते देवच जाणे.

लॉगबुकात खाली रिलीव्हरची सही लागे. खोलीला दुसरी शिफ्टच नव्हती, म्हणून ती सही मी करायची. मी करायची आणि आत काय लिहिलंय ते वाचायचीही नाही. त्यावरून मला दोनदा बोलणी बसली.

खोलीचे नियम वेबसाइटने घालून दिलेले होते. शिवीगाळ नको, प्रचार नको आणि सगळ्यात कडक म्हणजे कुणी आपलं खरं नाव, पत्ता, फोन नंबर द्यायचा नाही आणि दुसऱ्याला विचारायचाही नाही. बाकीच्या जगात हे नियम लोक वाचतसुद्धा नाहीत. आप्पांनी ते छापून घेऊन चार नंबरच्या आडोशाला चिकटवले, कंपनीत सेफ्टीचे लावतात तसे. शिवाय एक नियम त्यांनी आपल्या पदरचा घातला. खोलीतून जाताना सांगून जायचं.

यामागे इनामगाव होतं. तिथे उत्खननात हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडली हे आपण अभिमानाने सांगतो. आप्पांना त्या लोकांचा राग होता.

"चुली हायत, रांजण हायत, पोरांची खेळणी हायत. मानसं कुठं गेली त्येचा पत्ता न्हाई. आता मोठी मोठी शिकल्याली लोकं डोकं खाजवत बसत्यात. जाताना शेजारच्या गावात कुनाला सांगून गेली असती तर?"

शेजारचं गाव म्हणजे यांचं. थोडक्यात, त्या लोकांनी आपल्याला सांगितलं नाही, अशी ती तक्रार होती.

आता तांडेलबद्दल सांगायला हवं. हा कोकणातला गडी, मालवाहू जहाजावर नोकरीला. जहाज बंदराला लागलं की अर्धा तास खोलीत यायचा, मग महिना महिना गायब. तो आला की आप्पांचा चेहराच बदलायचा. दोघांचं भांडण एकच, मासे मोठे की मटण. तांडेलने कालवणाचं वर्णन करायचं, आप्पांनी 'त्यात चावायचं काय असतं' असं लिहायचं, की लागली जुंपायला. आप्पा पडद्याकडे बघून एकटेच हसत, मांडीवर थाप मारत. मला कधी कधी हेवा वाटायचा. माझ्याशी असं भांडणारं दौंडात कुणी नव्हतं.

एक दिवस तांडेलने लिहिलं, 'आप्पा, या खेपेला सुट्टीवर आलो की तुमच्याकडे येतो. होऊन जाऊ दे मटण. पत्ता द्या.'

मी मागेच उभी होते. आप्पांचे कान लाल झाले. त्यांनी एकदा नियमांच्या कागदाकडे बघितलं, एकदा पडद्याकडे बघितलं आणि तांडेलच्या नावावर टिचकी मारली.

"अहो आप्पा, काय केलंत हे? जेवायला येतो म्हणाला माणूस."

"नियम म्हंजी नियम. प्लांटमदी दोस्तासाठी वेगळा व्हॉल्व नसतोय."

लॉगबुकात त्यांनी लिहिलं, '५.३५. तांडेल यांनी पत्ता मागितला. नियमाप्रमाणे बाहेर काढले.' पुढे नेहमीचं 'बाकी नॉर्मल' काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आल्या आल्या विचारायचं, तांडेल आला व्हता का? नव्हता आलेला.

आणि मग आठवड्याभरात खोलीच्या वरच्या बाजूला सूचना झळकली. महिनाअखेरीला गप्पांची खोली कायमची बंद होणार. बाकी वेबसाइट चालू राहील. खोलीचा प्रोग्राम जुना झाला होता, तो सांभाळणाऱ्या माणसाला वेळ नव्हता आणि लोकही आता दुसरीकडे गप्पा मारायला जाऊ लागले होते.

आप्पांनी ती सूचना तीनदा वाचली. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे वळले.

"त्येला सांगायचं ऱ्हायलं."

"कुणाला? काय?"

"तांडेलला. माझं चुकलं म्हनून."

मी म्हटलं, त्याला ईमेल पाठवू. पण त्याचा ईमेल कुणाकडे नव्हता. खरं नाव कुणाला माहीत नव्हतं, जहाजाचं नाव माहीत नव्हतं, कोकणातलं गावही माहीत नव्हतं. तीन वर्षं आप्पांनी नियम इतका चोख पाळून घेतला होता की त्या खोलीत कुणालाच कुणाचा पत्ता नव्हता. मी हे त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. मला राहवलंच नाही. आप्पा नखाने टेबलाची कड खरवडत राहिले.

पण गप्प बसणाऱ्यातले ते नव्हेत. त्यांनी अमेरिकेला अर्ज केला. विषय, गप्पांची खोली बंद न करणेबाबत. 'महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की.' सोबत खोलीत घेतलेला ठराव. सूचक, लाजाळू. अनुमोदक, झुरळ. हा झुरळ नाशिककडे कुठेतरी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. ठराव एकमताने मंजूर. हा सगळा मजकूर मी टाइप केला आणि खाली 'अर्जदाराची सही' अशी रिकामी जागासुद्धा सोडली. तिकडून फार सभ्य उत्तर आलं. आपल्या भावना समजतात, पण इलाज नाही.

मग आप्पा साखर कारखान्याच्या एका संचालकांना घेऊन आले. पांढरी गाडी दारात लागली, सोबत चार माणसं. ही माणसं माझ्या दुकानात मावेनात.

संचालकांनी विचारलं, "मतदान किती हाय खोलीत?"

"चाळीस-पन्नास."

"आपल्या तालुक्यात?"

"एक."

"कोन?"

"मीच की."

संचालक जरा नाराज झाले, पण आलोच आहोत तर चार शब्द बोलू म्हणाले. त्यांना तीन नंबरवर बसवलं, शेजारच्या चारवर आप्पा, मध्ये प्लायवूड. संचालक सांगतील ते मी टाइप करत होते. 'समस्त बंधू-भगिनींनो, आपला आशीर्वाद असू द्या.' चार नंबरवरून ताबडतोब समज आली, 'खोलीत प्रचार करू नये.' संचालकांचं तिकडे लक्षच नव्हतं. 'येत्या निवडणुकीत' एवढं माझं टाइप होतंय तोवर पडद्यावर पाटी आली की तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे.

"आप्पा, माझा पडदा गेला की वं."

प्लायवूडपलीकडून शांत आवाज आला, "गेला न्हाई सायेब. मी घालवला."

"मला काढलं? तूच आनलंस न्हवं मला?"

"आनलं मी. बोलला तुमी."

संचालकांनी चहा घेतला आणि निघून गेले. राग वगैरे काही नाही. पुढे कितीतरी दिवस ते बाजारात सांगत होते की अमेरिकेतल्या सभेतून आपल्याला बोलताना बाहेर काढलं, म्हणजे भाषणात दम असणार.

शेवटचा दिवस उजाडला. तिकडे रात्रीचे बारा म्हणजे इकडे सकाळचे साडेदहा. आप्पा थर्ड शिफ्ट करून कंपनीच्या बसने सरळ माझ्याकडे आले. डब्याच्या पिशवीतून घडीचा पांढरा शर्ट काढला आणि दुकानामागे जाऊन बदलला. मी नऊला दुकान उघडायची, त्या दिवशी आठलाच उघडलं. मला काय गरज होती सांगा. पण रात्री मलाच झोप लागली नव्हती.

खोलीत रोजचे सगळे आले होते. आप्पांनी एकेकाला राम राम घातला, एकेकाची हजेरी घेतली. लाजाळू आजींनी आयुष्यात पहिल्यांदा फक्त दोन शब्द लिहिले, 'मी आहे.' सगळेच हळवे झालेले. झुरळ म्हणाला, आता शेवटी तरी एकमेकांचे नंबर घेऊ या. आप्पांनी उत्तर दिलं, 'खोली चालू तोवर नियम चालू.'

दहा वाजले. सव्वादहा वाजले. तांडेलचा पत्ता नव्हता. आप्पा दर मिनिटाला नावं मोजत होते, ओठ हलत होते. पावणेदोनशे मेंढरांतलं एक कमी आहे हे ज्या घरात नुसत्या नजरेला कळायचं, त्या घरातला माणूस चौदा नावं पुन्हा पुन्हा मोजत होता. मला बघवेना.

मग ते टाइप करू लागले. एका बोटाने, सावकाश. आपलं पूर्ण नाव. वडिलांचं नाव. गाव, गट नंबर, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. आणि 'फोन' लिहून थांबले.

"मॅडम, तुमचा नंबर सांगा."

आप्पांकडे फोन नव्हता. मोबाइल कंपनीच्या गेटवर काढून घेत, म्हणून त्यांनी तो कधी घेतलाच नव्हता. मी नंबर सांगितला. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'तांडेल भेटल्यास कुणीही त्यांना हे द्यावे. मटण देणे आहे.' आणि पाठवून दिलं.

ज्या माणसाने तीन वर्षं कुणाला गावाचं नाव काढू दिलं नाही, त्याचा पत्ता गट नंबरासकट समोर पडला होता. आणि कुणाला काही सुचायच्या आत आप्पांनी बाण सरकवत सरकवत 'मेंढपाळ' या नावावर नेला आणि टिचकी मारली.

तुम्हाला खोलीतून बाहेर काढण्यात आले आहे. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करावा.

"आप्पा, दहा मिनिटं राहिली होती हो. तेवढी तरी बसायचं ना."

"नियम मोडला. तांडेलला काढलं, मंग मला का न्हाई?" ते उठले, लॉगबुकात वेळ टाकली, सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. "रिलीव्हर तुमीच. चार्ज घ्या. शेवटपत्तुर आत कुनीतरी पायजे."

बाहेर जाऊन त्यांनी चपला घातल्या आणि पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर काढलेल्या माणसाने आत डोकावायचं नसतं, असा बहुधा त्यांचा समज होता.

मी तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतः म्हणून त्या खोलीत गेले. नाव लिहिलं 'रिलीव्हर'. आणि चौदाच्या चौदा जणांनी मला एकेक करून राम राम घातला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. तो संपल्या संपल्या मात्र सगळ्यांनी एकच गलका करून फोन नंबर, पत्ते, ईमेल नुसते ओतायला सुरुवात केली. फौजदार गेल्यावर होतं तेच झालं.

शेवटची दोन मिनिटं उरली असतील. तेवढ्यात खाली नाव आलं, तांडेल.

'म्हातारा कुठाय?'

नवीन येणाऱ्याला आधीचा मजकूर दिसत नसे. मी नंबर लिहिला, 'आप्पा इथे भेटतील' असं लिहिलं आणि पाठवलं. पडदा पांढरा झाला. खोली बंद. शेवटचं वाक्य त्याला पोचलं की मध्येच राहिलं, ते कळायला मार्ग नव्हता.

मी धावत बाहेर आले आणि आप्पांना सांगितलं.

"नंबर बरूबर दिला न्हवं?"

"बरोबर दिला," मी म्हटलं आणि पायरीवरच मटकन बसले. माझ्या दुकानात टेलिफोनची एकच लाइन होती. इंटरनेट तिच्यावरूनच चालायचं आणि नेट चालू असताना फोन लागत नसे. म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ हा नंबर कायम एंगेज. सबंध दौंडात हमखास न लागणारा एक नंबर होता आणि तो आम्ही जगभर वाटला होता.

उपाय पुढच्याच आठवड्यात सुरू झालेल्या लोडशेडिंगने काढला. लाइट गेली की मशीन बंद, नेट बंद आणि फोन मोकळा. रोज अकरा ते तीन लाइट जायची. सगळा तालुका शिव्या घालायचा आणि माझ्या दुकानात आप्पा फोनसमोर स्टूल टाकून प्रसन्न बसलेले असायचे. फर्स्ट शिफ्ट असली की त्यांचा नाइलाज, बाकी दिवस हजर. कधी लाइट वेळेवर गेली नाही तर अस्वस्थ होत. एकदा तर त्यांनी वीज कार्यालयात जाऊन चौकशी केली की आमच्याकडची अजून का गेली नाही. लाजाळू आजींचा फोन आला, तो लाइट येईपर्यंत चालला. झुरळाचा आला. तांडेलचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. खरखर, दुरून शिट्टीचा आवाज आणि मग एक माणूस म्हणाला, "आप्पा भेटतील का? बंदरावरून बोलतोय."

मी रिसीव्हर आप्पांकडे दिला. ते उभे राहिले, टोपी काढून काखेत धरली.

"चुकलं माझं," पहिलं वाक्य हेच. "त्या दिवशी तुला हाकलाया नको व्हतं. लई चुकलं." मग ऐकत राहिले. ऐकता ऐकता चेहरा लांब होत गेला. त्यांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, त्यो इचारतोय, कवा हाकललं? त्येच्या पडद्यावं पाटीच आली न्हाई, त्येला वाटलं बंदरावरची लाइन गेली."

मी गल्ल्यावर डोकं ठेवून हसले. पोटात दुखेपर्यंत हसले. आप्पा नाही हसले.

"लाइन न्हाई गेली," ते फोनमध्ये ओरडले. "मी काढलं तुला. म्या, या हातानं. थांब." पिशवीतून लॉगबुक काढलं आणि वाचून दाखवलं. '५.३५. तांडेल यांनी पत्ता मागितला. नियमाप्रमाणे बाहेर काढले.' "आता कळलं का? काढलं व्हतं का न्हाई? हां. आता आइक." त्यांनी लॉगबुक मिटलं. "चुकलं माझं."

या वेळी मात्र त्यांचा आवाज फुटला. पलीकडून काय उत्तर आलं मला माहीत नाही, पण आप्पा स्टुलावर बसले आणि डोळे पुसत मान हलवत राहिले.

तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरला, चारी मशीन चालू झाल्या, आडोशामागून दोन-तीन गिऱ्हाइकं ओरडली, "मॅडम, नेट लावा की." आप्पांनी दचकून माझ्याकडे बघितलं. पलीकडे बहुतेक माशांचा विषय निघाला होता.

मी मॉडेमची वायर उपटून हातात धरली आणि सगळ्यांना सांगितलं, आज नेट बंद आहे.